नदी मिटण्याआधी

मंगळवारी दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना विलो पॉइंटच्या चर्चची घंटा वाजू लागली, आणि नदीवरच्या अकराही होड्यांनी तळ धुंडाळायला सोडलेले आपापले गळ वर ओढले.

ती घंटा कसली, हे गावात कोणाला विचारावं लागत नाही. रविवारची घंटा लगबगीनं वाजते. ही सावकाश वाजते. एक ठोका पार विरून जाईपर्यंत दुसरा पडत नाही. कोणीतरी गेलं, आणि त्याचा देह गावात आहे, एवढाच तिचा निरोप. नदीत हरवलेल्या माणसासाठी तो सापडेपर्यंत ती वाजत नाही, मग एक दिवस लागो की एक हिवाळा. रूबेन स्नोशू जाळी काढायला गेला होता, त्याची होडी वाकणाखाली पालथी सापडली, त्याला आता दुसरा आठवडा लागला होता. इतके दिवस घंटेचा दोर खुंटीला गुंडाळलेलाच होता.

होड्या एकेक करून काठाला लागल्या. पुढच्या होडीतला माणूस मागच्याला विचारत होता, "कोणाला लागला?" आणि मागचा त्याच्या मागच्याला. सर्वांत शेवटी एब आला. शोधाचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं गुडघाभर पाण्यात उडी टाकली आणि तोच प्रश्न विचारला.

"भोवऱ्याकडे कोण होतं? त्यांना लागला असेल," एक जण म्हणाला.

"आम्हीच होतो भोवऱ्याकडे," त्याच्या शेजारचा म्हणाला.

तेवढ्यात शोधकऱ्यांच्या स्वयंपाकाच्या तंबूतून एक बाई धावत आली. रेडिओवर हेस्टरआत्या बोलली, म्हणाली. विधानसभेत उभी राहून बोलली. रूबेन गेला म्हणून.

मग कोणी काही विचारलं नाही. हेस्टर बोलली म्हणजे कोणीतरी तिला कळवलं असणार. एबनं हातमोजे काढले, आणि ते बघून बाकीच्यांनीही काढले. थंडीनं दोर ताठले होते. होड्या यंदा कधीच्याच वर घ्यायला हव्या होत्या, रूबेनसाठी थांबवल्या होत्या. माणसं होड्यांच्या मोटारी उतरवायला लागली.

त्या वेळी हेस्टर इट्सी हजार किलोमीटर दक्षिणेला, राजधानीच्या गोल सभागृहात, निवेदन संपवून नुकतीच खाली बसली होती. अडीच मिनिटांच्या वेळेत तिचं बोलणं पुरं झालं, असं तिच्या आमदारकीत पहिल्यांदाच घडत होतं.

हेस्टर आमदार होण्याआधी गावच्या दवाखान्यात होती. नर्सेस दक्षिणेतून यायच्या आणि वर्ष-दोन वर्षांत कंटाळून जायच्या. हेस्टर तिथेच असायची. बाळंतपणं तिनं केली, आणि मेलेल्यांचे डोळेही तिनंच मिटले. कोणी गेलं की ती कोट चढवून चर्चशेजारच्या लाकडी घरापर्यंत चालत जायची, दारात उभी राहून डोक्यावरची टोपी काढायची आणि नाव सांगायची. एनॉक फर्थ उठायचा, बूट घालायचा, आणि घंटेचा दोर सोडायचा. दोघांचं यापेक्षा जास्त बोलणं कधी व्हायचं नाही.

निवडून आल्यावरही तिनं ती सवय सोडली नाही. मतदारसंघातलं कोणीही गेलं की ती सभागृहात उभी राहायची आणि आधी त्याचं नाव घ्यायची, मागे कोण कोण राहिलं ते सांगायची, मग आपल्या कामाकडे वळायची. तिथे पक्ष नाहीत. एकोणीस माणसं, जो तो आपल्या गावाचा. त्यामुळे एकमेकांची थट्टा करायला सगळे मोकळे. "हेस्टर उठली की एक मयत आणि एक रस्ता," असं शेजारच्या बाकावरचा आमदार म्हणायचा. गावातले लोक वेगळं म्हणायचे. सभापतींनी दिलेल्या वेळेत हेस्टरचा चहासुद्धा ओतून होत नाही, म्हणायचे. पण ऐकायचे सगळे. अधिवेशन चालू असलं की दुकानात, दवाखान्यात, एनॉकच्या घरात, रेडिओ किंवा टीव्ही लावलेला असायचा. आपल्या माणसाचं नाव तिथे घेतलं जातंय, हे ऐकायला लोकांना आवडतं. दुःखातही आवडतं.

रूबेन तिच्या धाकट्या बहिणीचा, डोरकसचा नवरा. नदी ओलांडून नेणाऱ्या फेरीबोटीवर त्यानं हयात घालवली होती. नदीचा तळ त्याला घरच्या जमिनीसारखा माहीत होता, आणि लोकांना सगळ्यात जास्त तेच खुपत होतं.

हेस्टर पहिले काही दिवस गावात थांबली होती. तंबूत बसून तिनं कॅरिबू हरणाचं मांस चिरलं, गळांच्या दोऱ्या सोडवल्या, आणि पोलिसांची होडी परत जाताना तिच्यावरच्या दोन पोलिसांना सुकी मासळी बांधून दिली. त्यांनी त्यांच्या नियमाप्रमाणे जेवढे दिवस शोधायचं तेवढे शोधलं होतं. मग अधिवेशन सुरू झालं, आणि ती गेली. जाताना डोरकस काठावरच्या शेकोटीपाशी बसलेली होती.

"मी रोज फोन करीन," हेस्टर म्हणाली.

"कर." डोरकसनं नदीवरची नजर हलवली नाही. "एक ऐक, ताई. तो गेला असं कोणी म्हणायचं नाही. मी म्हणेन, तेव्हाच म्हणायचं. मी सगळ्यांना सांगितलंय."

"बरं."

"तुलाही सांगतेय."

"ऐकलं की," हेस्टर म्हणाली.

मंगळवारी सकाळी एबचा फोन आला. तो तिच्या भावाचा मुलगा. आत्या म्हणतो, पण गावात अर्ध्याहून जास्त लोक तिला आत्याच म्हणतात.

"दोन्ही काठांनी बर्फ धरलंय," तो म्हणाला. "मधे वाहतंय अजून. पण पाणी घट्ट झालंय, आत्या, वल्हं मारलं की जाणवतं. गुरुवारपर्यंत टिकलं तर नशीब."

"भोवरा?"

"आज पोचलोय तिथे. उद्या दिवसभर तिथेच घालणार. आपली म्हातारी माणसं म्हणतात तिथेच असेल. मागे दोघं तिथेच मिळाले होते ना."

"खाता ना नीट सगळे?"

"बॅनकच्या भाकऱ्या एवढ्या झाल्यात की होड्या बुडतील," एब म्हणाला. "तू ते मशीन मिळव."

मशीन म्हणजे आवाजाच्या लहरींनी नदीचा तळ दाखवणारं यंत्र. दक्षिणेतल्या एका पथकाकडे ते होतं. हेस्टर राजधानीत आल्यापासून त्याच्याच मागे होती. एबचा फोन ठेवला आणि तिनं खात्याच्या उपसचिवाला लावला.

"पोलिसांनी शोध थांबवलाय," उपसचिव म्हणाला. माणूस वाईट नव्हता. आवाजावरून दमलेला वाटत होता. "शोध म्हणून आता मला काही पाठवता येत नाही."

"गावानं थांबवलेला नाही."

"ते मला माहीत आहे. पण आमच्या नियमात ते बसत नाही. देह काढायचं काम म्हणून मागितलंत तर पाठवता येईल. त्यासाठी माणूस गेलाय असं कोणीतरी म्हणायला हवं. घरच्यांनी, नाहीतर तुम्ही."

"तुम्ही आमचं पाणी बघितलंय कधी? ऑक्टोबरातलं?"

"हेस्टर, मी वाद घालत नाहीये."

"मग?"

"ते पथक आज संध्याकाळी निघू शकतं. आज नाही तर ते दुसऱ्या कामावर जाईल. मंत्र्यांना आज विचारा, सभागृहात विचारा. तिथे ते तुम्हाला नाही म्हणणार नाहीत."

तेही खरं होतं. हेस्टरला जे जे मिळालं होतं, फेरीचं नवं इंजिन, दवाखाना तापवायची भट्टी, म्हाताऱ्यांच्या घरांची छपरं, ते सगळं तिनं उभं राहून, सगळ्यांच्या देखत मागून मिळवलं होतं. बंद खोलीत तिला कधी काही मिळालं नव्हतं.

फोन हातातच होता. डोरकसला लावायचा म्हणून तिनं नाव काढलं. डोरकस तंबूत असणार, किंवा काठावर. ती नाही म्हणेल, हे हेस्टरला ठाऊक होतं. ती नाही म्हणाली तर पुढे बोलता येणार नाही, आणि न बोलावं तर संध्याकाळचं विमान भलतीकडे जाईल, आणि गुरुवारी नदी बर्फानं मिटेल. एकदा मिटली की जूनपर्यंत मिटली. जूनमध्ये बर्फ फुटतं तेव्हा त्या बर्फापुढे झाडं टिकत नाहीत, मग माणसाचं काय राहील? तो मिळाला की डोरकस समजून घेईल. मिळाल्यावर सगळेच समजून घेतात.

तिनं फोन आवाज बंद करून पिशवीत टाकला आणि मण्यांच्या नक्षीचं जाकीट अंगात घातलं. ते जाकीट डोरकसनंच शिवलेलं होतं.

सभा भरली. प्रार्थना झाली. मंत्र्यांची निवेदनं झाली. सभापतींनी तिचं नाव घेतलं, आणि ती आधी आपल्या ग्विचिन भाषेत आणि मग इंग्रजीत तेच बोलली.

"सभापती महोदय, रूबेन स्नोशू गेला. तो आमच्या नदीत बुडाला. तो माझ्या बहिणीचा नवरा होता, आणि तुमच्यापैकी जे कोणी आमच्याकडे आलात त्यांना त्यानंच पलीकडे नेलंय." मग ती थांबली. "त्याला घरी आणायचंय. नदी मिटायच्या आत आणायचंय. त्यासाठी आज मी मंत्रीमहोदयांकडे एक गोष्ट मागणार आहे."

एनॉक फर्थ आपल्या घरात टीव्हीसमोर बसला होता. त्याचे कान चांगले आहेत, आणि त्यानं पहिली तीन वाक्यं नीट ऐकली. पुढचं त्यानं ऐकलं नाही. हेस्टरच्या तोंडून त्याला आजवर तेवढंच ऐकायचं असायचं. तो उठला, त्यानं बूट घातले, आणि दाराकडे गेला.

प्रश्नांच्या तासाला अजून अर्धा तास होता. तो सुरू झाल्यावर तिनं यंत्र मागितलं, आणि मंत्री उठले. पथक आज रात्रीच निघेल, म्हणाले. स्नोशू कुटुंबाच्या दुःखात सरकार सहभागी आहे, म्हणाले. सदस्यांनी बाकं वाजवली. शेजारचा आमदार तिच्याकडे वाकला. "या खेपेला रस्ता नाही मागितलास," तो हळूच म्हणाला, आणि त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. हेस्टरला त्या क्षणी हलकं वाटलं. नंतर तिला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटत राहिलं.

बाहेरच्या काचेच्या वऱ्हांड्यात येऊन तिनं पिशवीतून फोन काढला. एबचेच कितीतरी फोन येऊन गेले होते. तिनं लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"आत्या, कुठे लागला?"

"काय?"

"रूबेनकाका. कुठे लागला तो? आम्ही सगळे इथे काठावर उभे आहोत, कोणालाच माहीत नाही. खालच्या गावातल्यांना लागला का? तुला कोणी कळवलं?"

हेस्टरनं काचेवर हात टेकला.

"मला कोणी नाही कळवलं," ती म्हणाली.

"मग घंटा का वाजली?"

"घंटा वाजली?"

"दोनच्या आधीच वाजली. आम्ही सगळे काठाला आलो," एब म्हणाला.

"होड्या परत घाला पाण्यात," ती म्हणाली. "एब. आत्ताच्या आत्ता घाला."

"मोटारी उतरवल्यात. निम्म्या होड्या वर घेऊन गेलेसुद्धा लोक. तंबूसुद्धा..." तो थांबला. "बायका डोरकसआत्याकडे गेल्यात. मी वायरलेसवर विचारत होतो तर तंबूत उचलायलाच कोणी नव्हतं."

"घाला परत."

"घालतो," एब म्हणाला. मग म्हणाला, "वरच्या वळणाकडून बर्फ यायला लागलंय, आत्या."

चार होड्या परत पाण्यात गेल्या. त्यांच्यातली एकही भोवऱ्यापर्यंत पोचली नाही. वरच्या वळणाला अडकलेलं बर्फ त्याच तासाभरात सुटलं होतं आणि खोल्यांएवढाले तुकडे एकमेकांवर घासत खाली येत होते. एका होडीची कड पत्र्यासारखी वाकली. एबनं सगळ्यांना मागे बोलावलं. एक जण येईना, तो रूबेनचा पुतण्या होता. एबनं त्याला नावानं हाक मारून, शिवी देऊन बोलावलं, आणि तो आला.

घंटा वाजली नसती तर बर्फ येईपर्यंत होड्या भोवऱ्यावरच राहिल्या असत्या. रूबेन तिथे होता की नाही, हे कोणालाही सांगता येत नाही.

हेस्टर दुसऱ्या दिवशी दुपारी लहान विमानानं पोचली. फेरी बंद झालेली होती. विमान उतरताना तिनं नदी बघितली. काळ्या पाण्याची एक पट्टी मधोमध उरली होती आणि तिच्यात पांढरे तुकडे जवळजवळ थांबलेलेच होते. धावपट्टीवर तिला न्यायला एब आला होता. एरवी तो तिची पिशवी घेऊन काहीतरी टोमणा मारतो. आज त्यानं नुसतीच पिशवी घेतली.

ती आधी एनॉककडे गेली. तो चर्चच्या पायरीवरचं बर्फ खरवडत होता.

"एनॉककाका."

"आत ये. चहा गार झालाय, पण आहे."

ती आत गेली नाही. "तुमची काही चूक नाही, हे सांगायला आले."

"कोणी म्हणालं का माझी आहे?"

"नाही."

"मग कशाला सांगतेस?" त्यानं खोरं भिंतीला टेकवलं. वय ऐंशीच्या पुढचं, पण दोर अजून एकट्यानं ओढतो. "तू सांगायचीस, मी ओढायचो. मी कधी विचारलं, पोरी, खात्री आहे ना म्हणून?"

"नाही."

"तू दारात यायचीस आणि टोपी काढायचीस. टीव्हीत तुझ्या डोक्यावर टोपी नव्हती. मला वाटलं, काढली असेल." तो तिच्या चेहऱ्याकडे न बघता बोलत होता. "मी बूट घालायच्या आधी पाच मिनिटं बसलो असतो तर पुढचं ऐकलं असतं. पण मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नसतं, ना. मला तेच शिकवलंय."

डोरकसच्या घरी टेबल भरून गेलं होतं. कॅरिबूचा रस्सा, बॅनकच्या चळती, क्रॅनबेरीचे केक, फॉइलनं झाकलेली पातेली. घंटा वाजली की गावात प्रत्येक घर काही ना काही शिजवतं, आणि शिजवलेलं आलं होतं. डोरकस एकटीच होती. ती एकेक पातेलं खोक्यात भरत होती.

"ते खोकं धर," ती म्हणाली.

हेस्टरनं धरलं.

"हे सगळं खाली तंबूत जाऊ दे. हे गेलेल्या माणसाच्या घरचं जेवण आहे, माझ्या घरात ते नको. शोधणाऱ्यांना खाऊ दे."

"कोणी शोधतंय का आज?"

"एब काठानं चालतोय. बाकीचेही चालतायत. खातील ना चालणारे?"

दोघींनी रस्स्याचं मोठं पातेलं उचलून दाराशी ठेवलं. दोघींनाही ते जड जात होतं.

"डोरकस, नदी मिटत होती."

"मला दिसत होतं. मी काठावरच बसले होते की."

"तो माणूस म्हणाला, आजच बोला, नाहीतर..."

"माझ्याकडे फोन होता, ताई." डोरकसनं फॉइलची कड दाबून बसवली. "सगळे म्हणतात, काठावर लागत नाही. लागतो. शेकोटीच्या वरच्या अंगाला उभं राहिलं की लागतो."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. मग तू परत लावला असतास. मग परत नाही म्हणाले असते. तिसऱ्यांदा हो म्हणाले असते. मतं मागायला एकेका घरी तीनतीनदा जातेस ना?"

हेस्टरनं खोकं दाराकडे सरकवलं.

"आणि मग मी एनॉककाकांना जाऊन सांगितलं असतं," डोरकस म्हणाली. "की हेस्टर आज टीव्हीवर असं बोलणार आहे, ते सरकारसाठी आहे. तुम्ही उठू नका. एवढंच करायचं होतं, ताई. चर्च इथून दिसतं."

खिडकीतून खरंच दिसत होतं.

"घंटा वाजली तेव्हा मी खाली बसले," डोरकस पुढे म्हणाली. तिचा आवाज कुठे चढला नव्हता. "मला वाटलं, झालं, मिळाला. मला बरं वाटलं गं. थोडा वेळ मला खूप बरं वाटलं. मग त्या सगळ्या होड्या आल्या, आणि मी बघतेय, कुठल्या होडीत आहे. पहिल्या होडीत नव्हता. म्हटलं, दुसरीत असेल."

हेस्टर तिथल्या खुर्चीवर बसली. डोरकसनं तिला उठवलं नाही आणि जवळही आली नाही. थोड्या वेळानं तिनं आणखी एक खोकं तिच्या पायाशी आणून ठेवलं. हेस्टर उठली आणि ते भरू लागली.

मशीन आलं. ते दोन माणसांसह गुरुवारी इनुव्हिकला, जवळच्या मोठ्या विमानतळावर उतरलं, पेट्यांमध्ये बंद. त्या दोघांनी विमानातून नदी बघितली, वाकणावर दोन घिरट्या घातल्या, आणि पायलटला परत फिरायला सांगितलं. असल्या बर्फात काही सोडता येणार नाही, असं त्यांनी हेस्टरला फोनवर सांगितलं. त्यांना फार वाईट वाटत होतं. शुक्रवारी ते दक्षिणेला गेले.

त्याच दिवशी तिनं विधानसभेच्या सचिवांना फोन केला. सभागृहात बोललेले शब्द मागे घेता येतात का, असं तिनं विचारलं.

"अपमानकारक असतील तर घेता येतात," सचिव म्हणाले. "दिलेली माहिती चुकीची असेल तर उभं राहून दुरुस्ती करता येते. तुमची माहिती चुकीची होती का?"

हेस्टरनं खिडकीतून नदीकडे बघितलं. चुकीची होती असं म्हटलं तर तो जिवंत आहे असं होत होतं. बरोबर होती असं म्हणायचं, तर ते म्हणायचा हक्क तिचा नव्हता.

"मी कळवते," ती म्हणाली. अजून तिनं कळवलेलं नाही. सोमवारी सभा आहे, तिची जागा रिकामी राहील की नाही तेही ठरलेलं नाही.

गावात कोणी तिला तोंडावर काही बोललेलं नाही. दुकानात लोक आत्या म्हणतात, दारं उघडून धरतात. फक्त कोणी तिच्या लांब बोलण्याची थट्टा करत नाही. ती सकाळी तंबूत जाते, चहाचं भांडं चढवते, आणि काठानं चालणाऱ्यांबरोबर चालते. ती सगळ्यांच्या मागे चालते. डोरकस पुढे असते. दोघी बोलतात, पण हातमोजे, लाकडं, चहा, एवढंच बोलतात.

एनॉकनं घंटेचा दोर पुन्हा खुंटीला गुंडाळला आहे. या खेपेला त्याला त्यानं गाठ मारली आहे. ती आधी नसायची.

शनिवारी सकाळी थंडी आणखी वाढली. वरून वाकणापर्यंत नदी आता पूर्ण मिटली आहे. काठाला कुऱ्हाडीनं टोचून बघितलं तर बर्फ चार बोटं आहे, मधे त्याहून कमी. हातभर झालं की एब त्यावर माणसं नेणार आहे. जशी बर्फाखाली मासे धरायची जाळी सोडतात तशी भोकं पाडून, एका भोकातून दुसऱ्या भोकात दोरी सरकवून, तो भोवऱ्यावर गळ सोडणार आहे. किती दिवस लागतील ते तो सांगत नाही. भोवऱ्याची जागा अजून मिटलेली नाही. तिथे खोलीएवढं काळं पाणी उघडं आहे आणि त्यातून वाफ निघते.

दुपारी एबनं काठावरून, कमरेला दोर बांधून, त्या पाण्यात तीन वेळा गळ टाकला. तिन्ही वेळा तो रिकामा आला.